उद्यापुरतं दूध

पत्राचा सारांश: डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीची बाळंतपणाची रजा तीन आठवड्यांत संपते आहे. बाळ सव्वापाच महिन्यांचं, आतापर्यंत फक्त अंगावर पिणारं. त्या घाटकोपरला एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहेत. कार्यालयात तीस-पस्तीस माणसं. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. बाळाला सासूबाई सांभाळणार आहेत. नवऱ्याने आणलेल्या विजेच्या पंपावर त्यांनी तीनदा दूध काढून पाहिलं. वीस मिनिटांत जेमतेम ४० मिली आलं. त्यावरून ‘मला दूधच कमी आहे’ असं त्यांनी धरून घेतलं आहे. बाळ बाटली तोंडात घेत नाही. सासूबाई म्हणतात, आतापासूनच पावडरचं दूध लाव, म्हणजे ऐनवेळी हाल होणार नाहीत. शिवाय दिवसभर बाहेर राहिलेल्या आईचं दूध शिळं होतं, ते बाळाला बाधतं. कार्यालयात एक स्वच्छतागृह, एक फायलींची खोली आणि पँट्रीत सगळ्यांचा एक फ्रीज, एवढंच. साहेबांकडे हा विषय काढायची त्यांना फार लाज वाटते. त्या विचारतात, ‘आता पाजणं थांबवून टाकू, की नोकरी सोडू?’

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोनच वाटा आहेत आणि दोन्ही टोकाच्या. मधे बरीच जागा आहे, आणि नोकरी करणाऱ्या बहुतेक आया त्या मधल्या जागेतच पाजत राहतात. त्या जागेबद्दल बोलण्याआधी तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी तपासून घेऊ. त्या तुम्ही ठरल्यासारख्या लिहिल्या आहेत, पण त्या ठरलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट ते ४० मिली. तुम्ही दूध काढलं ते बाळ पिऊन झोपल्यावर, असं पत्रावरून दिसतं. म्हणजे बाळाने आपला वाटा घेतल्यावर जे उरलं, ते तुम्ही मोजलं. दोन पाजण्यांच्या मधे पंपावर ३० ते ६० मिली येणं हे अगदी नेहमीचं आहे. तुम्ही बाळापासून तीन तास लांब असाल आणि मधे कोणी प्यालेलं नसेल, तर तोच पंप बराच वेगळा आकडा दाखवील. शिवाय पंप म्हणजे बाळ नव्हे. बाळ जीभ, जबडा, ऊब, वास सगळं वापरतं. यंत्राला फक्त ओढता येतं. पान्हा फुटायला जे संप्रेरक लागतं, ते बाळाच्या नुसत्या आवाजानेही सुटतं आणि धास्तीने अडतं. मिलीच्या खुणांकडे डोळे लावून बसलेल्या बाईचा पान्हा हमखास उशिरा फुटतो. दूध पुरतंय की नाही हे बाळाकडे पाहून कळतं: दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या लंगोटांवरून आणि लसीकरणाच्या कार्डातल्या वजनाच्या रेषेवरून. तुमच्या बाळाचं वजन नीट वाढतं आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे. पाच महिने दुसरं काहीही न घेता ते वाढलं, याचा अर्थ दूध पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट, आतापासून पावडर लावण्याची. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, त्यांना बाळाची उपासमार पाहायची नाही. पण अंगावरच्या दुधाचं गणित विहिरीसारखं असतं. उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात. छाती बराच वेळ भरलेली राहिली की शरीर समजतं, इतकं लागत नाही, आणि दूध बनण्याचा वेग मंदावतो. रजेचे उरलेले तीन आठवडे तुम्ही पावडर दिलीत, तर ज्या दिवसांत दूध टिकवायचं त्याच दिवसांत ते कमी कराल. पावडर पुढे लागलीच तर ती एका दिवसातही सुरू करता येते. तिची आधी तालीम लागत नाही.

तिसरी, शिळ्या दुधाची. ही समजूत आपल्याकडे खूप जुनी आहे. शेतावरून, उन्हातून आलेल्या बाईला पहिलं दूध पिळून टाकायला सांगत, आणि अजूनही सांगतात. छातीतलं दूध नासत नाही, आंबत नाही, उन्हाने तापत नाही. ते सतत बनत असतं आणि शरीराच्या तापमानालाच असतं. घरी आल्यावर पिळून टाकलेलं दूध म्हणजे बाळाचा संध्याकाळचा भरपेट घास मोरीत ओतणं. त्या सवयीतला चांगला भाग मात्र ठेवा: घरी येऊन हातपाय धुवावेत, पाणी प्यावं, दोन मिनिटं टेकावं आणि मग पाजायला घ्यावं.

काढून फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाबद्दलही सासूबाईंना शंका असणार. त्यांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाबद्दल सांगा. तिथे १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून, ते अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांना देतात. तुम्ही तर स्वतःचंच दूध स्वतःच्या धडधाकट बाळाला देणार आहात. त्याला तापवायचीही गरज नाही.

आता आकडे मांडू. एक ते सहा महिन्यांचं बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली पितं. कोणी बरंच कमी, कोणी बरंच जास्त. म्हणून लांब राहण्याच्या दर तासाला साधारण ३० मिली धरावं. तुम्ही अकरा तास बाहेर, म्हणजे ३३० मिली. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं अन्नही सुरू झालेलं असेल, त्यामुळे ३०० ते ३५० मिली दूध घरी असलं की दिवस निभावतो. हे एका वेळी ६० ते ९० मिलीप्रमाणे चार-पाच भागांत जाईल. पावडरच्या डब्यावरचे १८० नि २१० मिलीचे आकडे पाहून घाबरू नका, ते अंगावरच्या दुधाला लागू नाहीत. आईचं दूध बाळाच्या वयाप्रमाणे घटकांनी बदलतं. पहिल्या महिन्यानंतर रोजचं एकूण प्रमाण फारसं वाढत नाही.

आणि फ्रीझर भरून साठा करण्याच्या मागे लागू नका. बर्फाच्या खणात रचलेल्या पिशव्यांचे फोटो पाहून अनेक जणी हबकतात. तुम्हाला लागतं ते उद्यापुरतं दूध. सोमवारी काढलेलं मंगळवारी बाळ पितं, मंगळवारचं बुधवारी, शुक्रवारचं सोमवारी. सुरुवातीच्या धक्क्यासाठी दोन दिवसांचं, म्हणजे ६०० ते ७०० मिली, गोठवलेलं असलं की पुरे. रोज सकाळी पहिल्यांदा पाजल्यावर तासाभराने एकदाच काढलंत, ४० मिली जरी आलं, तरी वीस दिवसांत ८०० होतं. ज्या ४० मिलीने तुमचा धीर सुटला, त्याच ४० मिलीत तुमचा साठा आहे.

पंप नीट बसतो आहे का, हे एकदा तपासा. पंपासोबत येणारा, छातीवर बसवायचा फनेल बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा असतो आणि तो सगळ्यांना बसत नाही. बोंडाची रुंदी पट्टीने मोजा, त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवा, तेवढ्या मापाचा फनेल घ्या. फार मोठा असेल तर भोवतीचा काळा भागही नळीत ओढला जातो, दूध कमी येतं आणि नंतर सूज येते. फार लहान असेल तर बोंड घासतं आणि पांढरं पडतं. वेगळ्या मापाचे फनेल आणि आत बसवायच्या सिलिकॉनच्या चकत्या सुट्या मिळतात. यंत्र सुरू करताना ओढ कमी आणि वेग जास्त ठेवा. पान्हा फुटून धार लागली की वेग कमी करा आणि ओढ सोसवेल इतकीच वाढवा. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध, असं नसतं. दुखलं की पान्हाच थांबतो. दोन्ही बाजू एकदम काढणारा पंप असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. धार थांबल्यावर दोन मिनिटं छातीवर हाताने हलका दाब देत राहा, बऱ्याचदा पान्हा पुन्हा फुटतो. दूध अचानक कमी यायला लागलं तर स्वतःला दोष देण्याआधी झडप पाहा. बदकाच्या चोचीसारखी ती सिलिकॉनची झडप रोजच्या वापराने दोन-तीन महिन्यांत सैल पडते आणि पंपाची ओढच निम्मी होते. एक जादा झडप पर्समध्ये असू द्या.

हाताने काढायलाही शिका. लोकल अडकली, पंपाची बॅटरी संपली, तर हाच उपाय. हात धुवा. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडाच्या मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका, बोंड ओढू नका. पहिली एक-दोन मिनिटं काही येणार नाही, मग थेंब, मग धारा. बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत राहा. अनेक जणींना सवय झाल्यावर पंपापेक्षा हातानेच जास्त येतं.

आता कार्यालयाकडे वळू. लाज वाटते, हे समजतं. पण तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तो लागू झाला, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दिवसातून दोन विश्रांती द्याव्यात, असं त्यात म्हटलं होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद कायम ठेवलेली आहे. पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे, त्यामुळे ती तुमच्याकडे लागू नाही. दोन विश्रांती मात्र लागू आहेत. दोन विश्रांती आणि जेवणाची सुट्टी मिळून तीन वेळा होतात, आणि तुम्हाला दूध काढायला तीनच वेळा लागतात. अकरा, पावणेदोन आणि साडेचार.

साहेबांशी तोंडी बोलणं जड जात असेल तर आजच चार ओळींचा ईमेल करा. रुजू झाल्यावर नको, आधीच. ‘मी अमुक तारखेला रुजू होत आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने मिळणाऱ्या दोन विश्रांती मी सकाळी अकरा आणि दुपारी साडेचारला, प्रत्येकी वीस मिनिटं घेईन. त्या वेळी आणि जेवणाच्या सुट्टीत फायलींची खोली आतून बंद करून वापरायला मिळावी. एक खुर्ची आणि विजेचा पॉइंट पुरेसा आहे.’ कारणमीमांसा नको, माफी नको. नेमकी वेळ आणि नेमकी जागा मागितली की ‘हो’ म्हणणं समोरच्यालाही सोपं जातं. खोलीला कडी नसेल तर ती बसवून घ्या आणि दारावर वेळांचा कागद लावा. स्वच्छतागृहात मात्र दूध काढू नका. ते बाळाचं अन्न आहे, आणि तिथे कोणी अन्न काढून ठेवत नाही. आपल्या राज्यात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत ‘हिरकणी कक्ष’ आहेत. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या गवळणीचं नाव त्यांना दिलं आहे. तुमच्या कार्यालयातल्या फायलींच्या खोलीने दिवसातून तासभर ते काम करायला हरकत नसावी.

पहिल्या आठवड्यात छाती भरून कपड्यांना ओल येईल. धुऊन वापरता येतील असे सुती पॅड आत ठेवा, गडद नक्षीचे कुर्ते घाला, एक कुर्ता खणात असू द्या. मिटिंगमध्ये अचानक पान्हा आला तर हाताची घडी घालून मनगटांनी छाती सरळ मागे दाबून धरा, मिनिटभरात थांबतो.

दुधाच्या साठवणीत चुका होतात त्या बहुतेक तापमानाच्या. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती मर्यादा २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. डोंबिवलीचा एप्रिल-मे त्यात बसत नाही. तुम्ही एक थंड राहणारी पिशवी आणि तीन जेलच्या बर्फविटा घ्या, विटा रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवा, आणि दूध काढल्याबरोबर झाकण घट्ट लावून बाटली विटांना चिकटून ठेवा. अशा पिशवीत दूध चोवीस तासांपर्यंत राहतं. म्हणजे सकाळी अकराचं दूध संध्याकाळी सातला घरी नीट पोचतं, गाडी अडकली तरी. पँट्रीतल्या फ्रीजमध्ये सगळ्यांच्या डब्यांशेजारी बाटली ठेवायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलं आहे. पूर्ण पिशवीच बंद करून आत ठेवा; ती जेवणाच्या पिशवीसारखीच दिसते.

घरी आल्यावर उद्याचं दूध फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. दार दर दहा मिनिटांनी उघडतं. फ्रीजमध्ये दूध चार दिवस चालतं. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या खणात दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण तो खण पुरेसा थंड नसतो. वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत संपवा. गोठवताना ६० ते ९० मिलीच्याच पिशव्या करा, वर थोडी जागा सोडा, तारीख लिहा, आडवी गोठवा. कोमट ताजं दूध थंड दुधात ओतू नका. आधी फ्रीजमध्ये गार होऊ द्या, मग एकत्र करा. गोठलेली पिशवी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवा. पूर्ण वितळल्यावर चोवीस तासांत वापरायची, पुन्हा गोठवायची नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर दूध फुकट फेकलं जाईल. ठेवलेल्या दुधावर साय जमते आणि खाली पातळ निळसर पाणी दिसतं. ते फाटलेलं नसतं. भांडं हलकेच फिरवलं की एक होतं. कधीकधी वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातल्याच एका पाचकद्रव्यामुळे स्निग्धांश विघटतो, म्हणून. ते दूध सुरक्षित असतं, पण काही बाळं तोंड फिरवतात. म्हणून पहिली एक पिशवी आठवडाभराने वितळवून बाळाला देऊन पाहा. नाही घेतलं, तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत गरम करा, उकळू नका, आणि लगेच गार करून ठेवा. हे आधी समजलं म्हणजे ७०० मिली एकदम वाया जात नाही.

पंपाचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी धुवायचे. कार्यालयाच्या बेसिनमध्ये थेट ठेवू नका, त्यांच्यासाठी वेगळं लहान टोपलं न्या. साबणाचं गरम पाणी, वेगळा ब्रश, स्वच्छ पंच्यावर उलटे ठेवून वाळवणं. दोन संच असतील तर धावपळ निम्मी होते. घरी आल्यावर दिवसातून एकदा सगळं पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. यंत्राची हवेची नळी मात्र धुवायची नसते. ओल राहिली की बुरशी धरते.

बाटलीचा प्रश्न राहिला. बाळ बाटली घेत नाही, हे संकट वाटतं, पण सहा महिन्यांच्या बाळाला बाटलीची गरजच नाही. ते वाटीने, चमच्याने किंवा चोच असलेल्या लहान भांड्याने, म्हणजे बोंडल्याने, पिऊ शकतं. सासूबाईंनी आपल्या मुलांना बोंडल्याने पाजलं असेल, तर त्यांचा हात तुमच्यापेक्षा बसलेला असेल. हे काम त्यांच्याकडे त्यांच्या अनुभवामुळे आलं आहे, असं त्यांना वाटू द्या, आणि ते खरंच आहे. बोंडल्याला फटी नसतात, ते घासून उकळता येतं. बाटलीचं बूच आणि आटे नीट साफ होत नाहीत, म्हणून आपल्या हवेत बाटलीने जुलाब लवकर होतात. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं. बोंडल्याची चोच किंवा वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं करायचं आणि थांबायचं. बाळ जिभेने ओढून घेतं. घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. १५-२० मिनिटं लागली तरी चालेल. हात आडवा केला, मान फिरवली, की पोट भरलं; भांड्यात उरलेलं संपवण्याचा आग्रह नको. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं, म्हणूनच एका वेळी ६० मिलीच काढून घ्यायला सांगा.

तरीही बाटलीच हवी असेल, तर ती आडवी धरायची, मधे मधे थांबायचं, बाळाला बसतं ठेवायचं. बाटली उभी धरली की दूध आपोआप येत राहतं, बाळ पाच मिनिटांत ९० मिली संपवतं आणि पुन्हा रडतं, मग ‘आईचं दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष निघतो. बऱ्याच घरांत वरचं दूध इथूनच सुरू होतं.

दूध कोमट करायला गरम पाण्याच्या वाटीत भांडं पाच मिनिटं ठेवायचं. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. त्यात मधेच चटका बसण्याइतके गरम ठिपके राहतात.

ही तालीम पुढच्या आठवड्यापासूनच सुरू करा. बाळ अगदी भुकेने किंचाळत असताना नवीन काही शिकत नाही. भुकेच्या अर्धा तास आधी, ३० मिलीने सुरुवात करा. देताना तुम्ही घराबाहेर असा. तुमचा वास घरात असेल तर बाळ वाटी का घेईल? तुमची वापरलेली ओढणी सासूबाईंच्या मांडीवर असू द्या. चार दिवस नाकारेल, पाचव्या दिवशी घेईल. काही बाळं दिवसा थोडंच घेतात आणि रात्री आईकडून भरपाई करतात. ते त्रासाचं असलं तरी वाईट नाही, कारण रात्री दूध बनवणाऱ्या संप्रेरकाची पातळी जास्त असते. रात्रीचं पाजणं दिवसाच्या दुधाला आधार देतं. बाळाशेजारी झोपलात तर गादी घट्ट असू द्या, बाळाजवळ उशा-दुलया नकोत, आणि सोफ्यावर पाजता पाजता झोपून जाऊ नका.

सहा महिने पूर्ण झाले की दुपारी तुम्ही नसताना मऊ वरणभात तुपासह, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, हे दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा सुरू करायचं आणि हळूहळू वाढवायचं. आधी दूध, मग अन्न. गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत नको, मध वर्षाच्या आत मुळीच नको.

तुमच्या जेवणाबद्दल. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी, खसखशीची खीर, प्रेमाने केलेलं सगळं खा. पण दूध वाढतं ते मुख्यतः काढण्याने. सहा महिन्यांनंतरही पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक जादा जेवण. कामाच्या गडबडीत डबा अर्धा परत आणणं ही दूध कमी होण्याआधी तुमची ताकद कमी होण्याची सुरुवात. अकराच्या विश्रांतीत दूध काढताना शेंगदाण्याचा लाडू नि पाण्याची बाटली शेजारी असू द्या.

गुरुवार-शुक्रवारी दूध कमी येणं नेहमीचं आहे. शनिवार-रविवार बाळाला मागेल तेव्हा पाजलं की सोमवारी परत येतं. पाळी सुरू होताना दोन-चार दिवस घटतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने दूध झपाट्याने कमी होतं; औषधवाल्याला पाजत असल्याचं सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही घटतं. आणि हे नीट ऐका: अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत, हा भरवसा सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नसताना, दिवसा चार तासांपेक्षा मोठं अंतर न पडता पाजलं तरच. तुमच्या बाबतीत यातल्या दोन अटी एकदमच सुटणार आहेत. रुजू होण्याआधी डॉक्टरांशी याबद्दल बोला.

एखादं दूध काढणं चुकलं की छाती दगडासारखी होते, गाठ येते. पूर्वी गरम शेक द्या, चोळून गाठ फोडा, रिकामं होईपर्यंत काढा, असं सांगत. आता हा सल्ला बदलला आहे. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते. गार शेक, अगदी हलका हात, नेहमीइतकंच पाजणं, आणि डॉक्टरांना विचारून वेदनाशामक. चोवीस तासांत उतरलं नाही, किंवा लाल पट्टा येऊन थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. बहुतेक प्रतिजैविकं चालू असताना पाजता येतं. पाजणं एकदम थांबवलं तर दुखणं वाढतं.

सगळं करूनही ३०० मिली निघाले नाहीत तर? समजा २०० निघाले. मग २०० तुमचे, उरलेलं पावडरचं. पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत गरम असतानाच पावडर मिसळायची, डब्यावर लिहिल्याइतकंच पाणी, सपाट चमचा, पातळ करायचं नाही. मग कोमट होऊ द्यायचं. दोन्ही एका भांड्यात मिसळू नका, आधी तुमचं द्या, म्हणजे उरलं तर पावडरचं वाया जाईल. आणि काही महिन्यांनी दिवसा काढणं झेपेनासं झालं, तर सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अंगावर, दिवसा दुसरं, हाही चांगला मार्ग आहे. छाती त्या वेळापत्रकाला जुळवून घेते. तेव्हा तिन्ही वेळा एकदम बंद करू नका. एक वेळ कमी करा, चार दिवस जाऊ द्या, मग दुसरी. माझं मत विचाराल तर बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत तीन वेळा, मग दोन, वर्षानंतर दिवसा काढणं बंद, आणि घरी असताना दोन वर्षांपर्यंत किंवा तुम्हा दोघांना हवं तोवर.

ज्यांना खोली, पंप, फ्रीज यातलं काहीच नाही, म्हणजे शेतावर, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या आया, त्यांनी निघताना आणि आल्यावर भरपूर पाजावं, दुपारी कोणी बाळाला आणून देऊ शकतं का पाहावं, आणि मधे छाती जड झाली की सैल होण्यापुरतं हाताने पिळून टाकावं. थंड ठेवायची सोय नसेल तर ते दूध उन्हात साठवू नये. ते वाया गेल्यासारखं वाटतं, पण त्याने रात्रीचं दूध टिकतं.

तुम्ही सोमवारी रुजू न होता गुरुवारी होता येतं का, विचारा. पहिला आठवडा दोनच दिवसांचा होतो, आणि काय चुकलं ते शनिवारी शांतपणे पाहता येतं. त्याआधीच्या आठवड्यात एकदा पूर्ण तालीम करा: आठला पिशवी घेऊन घराबाहेर पडा आणि चार तासांनी या. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी डोंबिवलीला उतरलात की प्लॅटफॉर्मवरूनच घरी फोन करा. सासूबाईंना सांगा, आता वाटी देऊ नका, मी येतेय.